मानसशास्त्र आणि मनुष्यबळ व्यवस्थापनाची संयुक्त पदवी आखणाऱ्यांना खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
संयुक्त पदवी अभ्यास मंडळ यांस,

स. न. वि. वि.

मानसशास्त्र आणि मनुष्यबळ व्यवस्थापन या दोन विषयांची मिळून एक पदवी सुरू करणाऱ्या किंवा चालू असलेली नव्याने आखणाऱ्या प्रत्येक मंडळासाठी हे पत्र आहे. लिहिणारे आम्ही काही जण यांपैकी एखादा विषय शिकवतो, काही जण भरती, प्रशिक्षण आणि मूल्यमापनाच्या कामात आहोत.

आमचे म्हणणे एकच आहे. या पदवीचा कणा मापन हा असावा. माणसांविषयी निर्णय घेताना आपण नेमके काय मोजतो, ते मोजमाप कितपत भरवशाचे असते आणि त्यावरून काय ठरवता येते, काय ठरवता येत नाही, हे या पदवीने शिकवले पाहिजे. ते शिकवले तर बाकीचे सारे विषय त्याला नीट जोडले जातात. ते वगळले तर दोन अर्धवट पदव्या एका प्रमाणपत्रावर छापल्या जातात, एवढेच.

सध्या बहुतेक ठिकाणी होते असे: मानसशास्त्र विभाग आपल्या यादीतले निम्मे विषय देतो, व्यवस्थापन विभाग आपले निम्मे देतो आणि वेळापत्रकात ते आलटून पालटून बसवले जातात. प्रेरणा हा घटक घेऊन पाहा. सामान्य मानसशास्त्रात मॅस्लो आणि त्याची गरजांची उतरंड, संघटन वर्तनात मॅस्लो आणि मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पहिल्याच प्रकरणात पुन्हा मॅस्लो. तिन्ही वर्गांत फळ्यावर तोच पिरॅमिड. मॅस्लोच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिड नव्हताच, तो पुढे इतरांनी काढला, हे मात्र तिन्ही वर्गांत सांगायचे राहून जाते. ‘जमेल तेवढे करा’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि अवघड ध्येय दिले तर काम सरस होते, हा एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांचा निष्कर्ष कितीतरी भक्कम पुराव्यावर उभा आहे. तो एका परिच्छेदात उरकला जातो.

याची किंमत पुढे नोकरीत मोजावी लागते. २००२ मध्ये सारा राइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास हजार एचआर (मनुष्यबळ) व्यावसायिकांच्या समजुती संशोधनातील निष्कर्षांशी ताडून पाहिल्या. सर्वांत मोठी तफावत निघाली ती निवडप्रक्रियेच्या बाबतीत, त्यातही बुद्धिमत्ता आणि व्यक्तिमत्त्व यांच्याविषयी. म्हणजे जिथे मानसशास्त्राकडे सांगण्यासारखे सर्वांत जास्त आहे, नेमक्या तिथेच ते पोहोचलेले नव्हते. संयुक्त पदवीचे प्रयोजन हेच.

म्हणून आमची पहिली मागणी अशी. तिसऱ्या सत्रात दोन्ही विभागांच्या शिक्षकांनी एकाच वर्गात उभे राहून शिकवायचा एक अभ्यासक्रम ठेवा आणि सत्रभर त्यात एकच काम करून घ्या: एका पदासाठीची निवडप्रक्रिया पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधणे. पद असे निवडावे की ते काम करणारी माणसे विद्यार्थ्यांना सहज भेटतील. विद्यापीठाच्या ग्रंथालयातला देवघेव खिडकीवरचा सहायक हे पद उत्तम.

पहिले तीन आठवडे कामाच्या विश्लेषणाला द्यावेत. इथे विद्यार्थी हमखास आळस करतात. इंटरनेटवरून पदाचे वर्णन उचलतात, त्यात ‘उत्तम संवादकौशल्य’ आणि ‘संघभावना’ असतेच, आणि पुढची सगळी इमारत त्या पोकळ शब्दांवर उभी राहते. त्याऐवजी जॉन फ्लॅनगनने १९५४ मध्ये मांडलेली निर्णायक प्रसंगांची पद्धत वापरायला लावा. ते काम करणारे चार-पाच जण आणि त्यांचे दोन वरिष्ठ यांना भेटून प्रत्येक प्रसंगाच्या तीन गोष्टी लिहून घ्यायच्या: परिस्थिती काय होती, त्या व्यक्तीने नेमके काय केले, त्यातून काय झाले. पाच विद्यार्थ्यांच्या गटाकडून चाळीस-पन्नास प्रसंगांची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. ‘वाचक चिडला होता, सहायकाने परिस्थिती छान हाताळली’ हा प्रसंग परत पाठवावा, कारण त्यात कृतीच नाही. ‘वाचकाकडे दंड भरल्याची पावती होती, पण संगणकावर नोंद दिसत नव्हती. सहायकाने पावतीचा क्रमांक त्या दिवसाच्या जमा वहीत शोधला, वहीच्या पानावर खूण केली, पुस्तक देऊन वाचकाला मोकळे केले आणि नोंद दुरुस्त करायची चिठ्ठी लेखा विभागाला पाठवली’ हा प्रसंग ठेवावा. यातून प्रश्न तयार होतो, उत्तराची मोजपट्टीही तयार होते.

मग दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांशी न बोलता ते प्रसंग पाच-सहा गुणवैशिष्ट्यांखाली लावायचे. दोघांच्या वर्गवारीत फार फरक पडला तर त्या वैशिष्ट्यांच्या व्याख्या सैल आहेत, असे समजून त्या पुन्हा लिहायच्या. त्यानंतर सहा ते आठ प्रश्नांची संरचित मुलाखत: सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक प्रश्नाला पाच गुणांची पट्टी आणि तिच्यावर १, ३ आणि ५ या खुणांपाशी प्रत्यक्ष वर्तनाचे नमुने लिहिलेले. वर सांगितलेल्या प्रसंगात ‘वाचकाला उद्या यायला सांगेन’ हे १, ‘वरिष्ठांना विचारून पुस्तक देईन’ हे ३, आणि नोंद शोधून, वाचकाला मोकळे करून, चूकही दुरुस्तीला लावणे हे ५.

सरावाच्या मुलाखती दहा-बारा तरी व्हाव्यात आणि प्रत्येकीला दोन परीक्षक असावेत. गुण प्रत्येक उत्तरानंतर लगेच लिहायचे, शेवटी एकदम नाही. शेवटी लिहिले की पहिल्या छापाचा रंग सगळ्या उत्तरांना लागतो. दोघांचे गुण कागदावर उतरेपर्यंत आपसात चर्चा नको, कारण चर्चेनंतर जुळलेले गुण हे मताचे ऐक्य असते, मोजमापाची विश्वसनीयता त्यातून कळत नाही. गुण जुळतात का, हे पाहताना नुसता सहसंबंध (दोन आकडे एकमेकांबरोबर किती वर-खाली होतात, हे उणे १ ते १ मध्ये सांगणारे माप) काढून थांबू नये. एक परीक्षक दुसऱ्यापेक्षा प्रत्येकाला बरोबर एक गुण कमी देत असेल तरी सहसंबंध पूर्ण १ येईल, आणि तरीही कोणाच्या खोलीत मुलाखत झाली यावर उमेदवाराचे भवितव्य ठरेल. म्हणून सरासरीतला फरकही पाहायचा आणि दोघांचे गुण प्रत्यक्ष किती सारखे आहेत हे सांगणारा वर्गांतर्गत सहसंबंध गुणांकही काढायचा. हा एक धडा विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने घेतला की विश्वसनीयता या शब्दाची व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

यथार्थतेसाठी, म्हणजे मोजमापावरून पुढच्या कामगिरीचा अंदाज खरोखर येतो का हे कळण्यासाठी, दोन संशोधन लेख शेजारी ठेवून शिकवावेत, असे आम्ही आग्रहाने सांगतो. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित हिशोब मांडला. त्यात पुढच्या कामगिरीशी सहसंबंध असा होता: सामान्य बुद्धिमत्ता चाचणी ०.५१, संरचित मुलाखत ०.५१, असंरचित मुलाखत ०.३८, हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखणे ०.०२. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तोच हिशोब पुन्हा तपासला तेव्हा बुद्धिमत्ता चाचणी ०.३१ वर, संरचित मुलाखत ०.४२ वर आणि असंरचित मुलाखत ०.१९ वर आली.

आकडे का उतरले, याचे उत्तर विद्यार्थ्याला देता आले पाहिजे. कामगिरीची नोंद फक्त निवडलेल्यांचीच मिळते. निवडलेल्यांचे चाचणीतले गुण एकमेकांच्या जवळ असतात, त्यामुळे सहसंबंध खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि तो हिशोबाने वाढवून घ्यावा लागतो. पण पुष्कळ अभ्यास आधीपासून नोकरीत असलेल्यांवर झालेले होते, आणि त्यांची निवड त्या चाचणीवरून झालेलीच नव्हती. तिथे ही वाढ एवढी लागू पडत नाही, तरी ती दिली गेली होती. अडीच दशके पाठ्यपुस्तकांतून शिकवलेला आकडा एका गृहीतकावर उभा होता, हे विद्यार्थ्याने पदवी मिळण्यापूर्वी पाहिलेले बरे. ०.४२ चा वर्ग सुमारे ०.१८ होतो, म्हणजे उत्तमांतली उत्तम पद्धतही कामगिरीतल्या फरकांपैकी १८ टक्क्यांच्या आसपास सांगते, हेही त्याच तासाला सांगावे. त्यातून उमेदवाराविषयी ठाम भाकिते करण्याची सवय मुळातच लागत नाही.

हे तिसऱ्या सत्रात करायचे तर संख्याशास्त्र पहिल्या दोन सत्रांत व्हायला हवे. सध्या ते दोनदा शिकवले जाते, एकदा ‘व्यावसायिक संख्याशास्त्र’ आणि एकदा ‘संशोधन पद्धती’ म्हणून, आणि दोन्ही वेळा सरासरी व प्रमाणित विचलनापासून सुरुवात होते. एकच सलग मालिका करा. उदाहरणे गैरहजेरी, नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण, पगारातली तफावत आणि चाचणीचे गुण यांचीच घ्या. आर किंवा जामोवी या मोफत प्रणाली पुरतात. एका आकड्याऐवजी पट्ट्याने अंदाज देणे पहिल्या वर्षातच अंगवळणी पडले पाहिजे. २० जणांच्या चमूत प्रशिक्षणाचे तास आणि कामगिरी यांच्यात ०.३० सहसंबंध आला, तर ९५ टक्के विश्वासाचा पट्टा (खरा सहसंबंध ज्या मर्यादांत असावा तो) उणे ०.१६ पासून अधिक ०.६६ पर्यंत पसरतो. त्यावरून काहीही ठरवता येत नाही. तोच ०.३० जर २०० जणांत आला तर पट्टा ०.१७ ते ०.४२ इतका आवळतो. हा फरक ज्याला दिसतो तो एचआर अहवालांमधले रंगीत आलेख पाहून भुलत नाही.

न्याय्यतेचा हिशोबही इथेच यावा. अमेरिकेत १९७१ च्या ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एखाद्या अटीने विशिष्ट गट मोठ्या प्रमाणात गाळला जात असेल, तर त्या अटीचा कामाशी संबंध नोकरी देणाऱ्याने दाखवला पाहिजे. १९७८ च्या तिथल्या मार्गदर्शक नियमांत चार-पंचमांशाचा ढोबळ निकष आला. एका गटातले १०० पैकी ६० निवडले आणि दुसऱ्यातले ७५ पैकी ३०, तर प्रमाण ६० आणि ४० टक्के. ४० भागिले ६० म्हणजे ०.६७, ते ०.८ च्या खाली, म्हणून चौकशी हवी. कायदा देशोदेशी वेगळा असेल, पण हा भागाकार प्रत्येक विद्यार्थ्याला करता यावा. अर्ज चाळायला संगणकीय प्रणाली वापरणाऱ्या संस्था वाढत आहेत. अशा प्रणाल्या मागच्या निवडींवरून शिकतात आणि मागचा पक्षपातही उचलतात. प्रणाली विकणाऱ्याला कोणते प्रश्न विचारायचे, हे ज्याने स्वतः निवडप्रक्रिया बांधली आहे त्यालाच सुचते.

कामगिरी मूल्यमापन हा घटक निवडीच्या मागोमाग घ्यावा, कारण यथार्थतेच्या हिशोबात जिला आपण ‘कामगिरी’ म्हणतो, ती बहुधा वरिष्ठाने दिलेली श्रेणीच असते. अभिप्राय दिला की काम सुधारते, हे गृहीत धरून चालणारे विद्यार्थी फार. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांच्या १९९६ च्या एकत्रित विश्लेषणात अभिप्रायाचा सरासरी परिणाम चांगला निघाला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा काम बिघडले. लक्ष कामावरून उठून स्वतःच्या प्रतिमेकडे गेले की असे होते, हे त्यांचे स्पष्टीकरण वर्गात वाचून घ्यावे.

आता एक धोका. मापनावर भर द्यायचा म्हटले की माणसालाच मोजत बसायची खोड लागते आणि काम कसे आखले आहे, याकडे कोणी पाहत नाही. मानसशास्त्राकडून आलेल्या विद्यार्थ्यांत ही खोड जास्त. राजीनामे वाढले की ते मनोबलाची प्रश्नावली काढतात. पगाराचे टप्पे, पाळ्यांचे वेळापत्रक, बढतीचे नियम आणि मंजूर पदांपैकी रिकामी पदे किती, हे आधी तपासायचे असते. म्हणून श्रम कायदा, वेतनरचना आणि कामगार संघटनांशी वाटाघाटी हे विषय ऐच्छिक ठेवू नका. संयुक्त पदवीत पहिली कुऱ्हाड यांच्यावरच पडते, आणि तीच आम्हाला सर्वांत जास्त खटकते. रॉबर्ट कारासेकने १९७९ मध्ये दाखवले की कामाचा ताण हा मागण्या किती आणि निर्णयाची मोकळीक किती या दोहोंवर मिळून ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची (कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या थकव्याची) नोंद कामाशी निगडित बाब म्हणून आहे, आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी २०२१ मध्ये आलेले आयएसओ ४५००३ हे मार्गदर्शक मानकही आधी कामाची आखणी तपासायला सांगते. ध्यानधारणेची कार्यशाळा भरवून रिकामी पदे भरली जात नाहीत.

उलट बाजूने, व्यवस्थापन विभाग जैविक मानसशास्त्र आणि अपसामान्य मानसशास्त्र वगळायला सांगतो. दोन्ही अर्ध्या सत्रापुरते तरी ठेवा. झोप आणि थकवा समजल्याशिवाय रात्रपाळी आखता येत नाही. आणि नैराश्याची लक्षणे, औषधोपचार, आत्महत्येचा धोका यांची जाण असेल तरच एचआरमधल्या माणसाला कुठे थांबायचे आणि कोणाकडे पाठवायचे, हे कळते. समुपदेशन करायला शिकवल्याचा आव मात्र आणू नये.

नीतीचे प्रशिक्षण वेगळ्या विषयात कोंबण्याऐवजी प्रत्येक प्रात्यक्षिकात यावे. एक उदाहरण देतो. निनावी म्हणून घेतलेल्या पाहणीत १२ जणांच्या विभागाची समाधानाची सरासरी ३.५ छापली आणि त्यातल्या ९ पुरुषांची ३.९. उरलेल्या ३ स्त्रियांची सरासरी २.३ आहे, हे कोणीही वजाबाकीने काढू शकतो. नावे कुठेच नाहीत, तरी त्या तिघी उघड्या पडल्या. किमान किती जणांच्या गटाचा आकडा छापायचा, ही मर्यादा पाहणी सुरू होण्यापूर्वी ठरवायची असते, आणि उरलेला गट वजाबाकीने निघतो का, हेही तपासायचे असते. मानसशास्त्रीय चाचण्यांचेही तसेच. कोणती चाचणी वापरण्याचा कोणाला अधिकार आहे, हे प्रकाशक ठरवतात. व्यक्तिमत्त्वाचा प्रकार चार अक्षरांत सांगणारी मायर्स-ब्रिग्ज ही चाचणी भरतीसाठी वापरू नये, असे तिचे प्रकाशक स्वतःच सांगतात. तिच्याच चार अक्षरांवरून उमेदवार गाळणारे विद्यार्थी या पदवीतून बाहेर पडू नयेत.

इंटर्नशिपविषयी थोडे. आठ आठवडे उमेदवारांना फोन लावणे आणि हजेरी संगणकावर चढवणे यात जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. संस्थेशी एक पानाचा लेखी करार करा. त्यात तीन कामे नावानिशी असावीत: एका पदाचे कार्यविश्लेषण, एका प्रशिक्षणाचे आधी आणि नंतर मोजमाप, आणि उपलब्ध नोंदींवरून एका प्रश्नाचे विश्लेषण. चौथ्या आठवड्यात शिक्षकाने प्रत्यक्ष भेट द्यावी. शेवटच्या आठवड्यात दिलेल्या भेटीने काहीच सुधारता येत नाही.

शेवटच्या वर्षी दोन विभागांचे दोन छोटे प्रकल्प ठेवण्यापेक्षा एकच मोठा ठेवा आणि त्याला दोन्ही विभागांचा एकेक मार्गदर्शक द्या. नमुना किती लागेल, हे विषय मंजूर करतानाच विचारा. ०.३० इतका सहसंबंध ८० टक्के खात्रीने पकडायचा तर सुमारे ८५ जण लागतात, ०.२० साठी दोनशेच्या आसपास. तीस प्रश्नावल्यांवर उभा असलेला प्रस्ताव तिथेच थांबवावा किंवा त्याचे रूपांतर मुलाखतींवर आधारित गुणात्मक अभ्यासात करावे. संस्थेची लेखी परवानगी आणि नीती समितीची मान्यता पाचवे सत्र संपण्यापूर्वी हातात हवी. व्यवस्थापन बदलले, कपात जाहीर झाली की तोंडी परवानग्या उडून जातात आणि विद्यार्थी सहाव्या सत्रात रिकाम्या हाताने बसतो. अशा वेळेसाठी सर्वांसाठी खुल्या असलेल्या संशोधनाच्या आकडेवारीवर करता येतील असे पाच-सहा विषय विभागाने तयार ठेवावेत.

आणि माहितीपत्रक. ‘मानसशास्त्रज्ञ’ म्हणून काम करण्याचा परवाना अनेक देशांत पदव्युत्तर शिक्षण आणि देखरेखीखालच्या सरावानंतरच मिळतो. त्या शिक्षणाला प्रवेश मिळण्यासाठी पदवीत मानसशास्त्राचे ठरावीक विषय, प्रात्यक्षिके आणि बहुधा त्याच विषयातला प्रकल्प असावा लागतो. संयुक्त पदवीत यातले एखादे चुकले, तर विद्यार्थ्याला पुढे पूरक अभ्यासक्रमाचे वर्ष काढावे लागते. मनुष्यबळ व्यवस्थापनाकडे जाणाऱ्याला ही अडचण नाही, संघटन मानसशास्त्राकडे वळणाऱ्याला काही ठिकाणी आहे आणि चिकित्सालयीन शाखेकडे जाऊ पाहणाऱ्याला हमखास आहे. कोणते ऐच्छिक विषय घेतले तर कोणती वाट खुली राहते, याचा तक्ता प्रवेशअर्जासोबत द्यावा. पहिल्या वर्षाच्या अखेरीस, ऐच्छिक विषय निवडण्यापूर्वी, विद्यार्थ्याला समोर बसवून तो त्याच्याबरोबर पुन्हा वाचावा आणि त्यावर विभागातल्या शिक्षकाची सही असावी.

कळावे,

मानसशास्त्र आणि मनुष्यबळ व्यवस्थापन या क्षेत्रांत शिकवणारे व काम करणारे काही जण